पांधणीवरची माउंटन बाइक

भंडारा जिल्ह्यात माउंटन बाइक? माउंटन कुठाय तिथे? हा प्रश्न मला ऑफिसात इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी उत्तर देण्याआधी सरळ नकाशाच उघडतो. जिल्ह्याचा दक्षिण भाग सपाट आहे, धानाचा आहे, मान्य. पण तुमसर ओलांडून उत्तरेला गेलात की सातपुड्याची शेवटची टोकं खाली उतरलेली दिसतात. आंबागडचा किल्ला, गायमुख, चांदपूर ही सगळी त्याच रांगेतली. आणि मधून वैनगंगा. पलीकडे मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात उगम पावून येते, वाटेत बावनथडी, सूर, चुलबंद पोटात घेते. टेकड्या आहेत, नदीचं खोरं आहे, तळी तर विचारूच नका. सायकलवाल्याला आणखी काय हवं?

"ट्रेल्स हवेत ना," असं माझे सायकलवाले मित्र म्हणतात. मग इटलीतल्या दऱ्याखोऱ्यांचे व्हिडिओ पाठवतात. माझा वाद नेमका इथेच आहे.

त्या व्हिडिओत आपण उड्या बघतो, हेल्मेट बघतो, पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंतच्या सायकली बघतो. चाकाखालची वाट बघत नाही. लिगुरियातल्या फिनाले लिगुरेचं नाव आज जगभरच्या माउंटन बाइकवाल्यांना ठाऊक आहे, पण तिथल्या पुष्कळशा वाटा सायकलींसाठी जन्मलेल्याच नाहीत. त्या खेचरांच्या, शेतकऱ्यांच्या, कोळसा पाडणाऱ्यांच्या जुन्या पायवाटा. आडा नदीच्या काठाने बोर्मिओपासून कोलिकोपर्यंत सुमारे ११४ किलोमीटर जाणारा सेंतिएरो वाल्तेलिना तर घरच्या म्हाताऱ्यांनीही चालवावा इतका सोपा आहे. इटालियन अल्पाइन क्लब १८६३ सालचा. डोंगरातल्या झाडा-दगडांवर लाल-पांढरे पट्टे मारून वाटा जिवंत ठेवायचं काम त्याचे लोक करत आले. थोडक्यात काय, तिथे आधी वाट होती, ती कोणीतरी सांभाळली, मग सायकल आली.

आपल्याकडे वाट नाही का? आहे की. तिचं नाव पांधण. (पश्चिम महाराष्ट्रात पाणंद म्हणतात.) गावातून शेताकडे, शेतातून तळ्याकडे, तळ्यावरून जंगलाकडे जाणारी, दोन्ही बाजूंना झुडपं असलेली बैलगाडीची वाट. भंडाऱ्यात तर मालगुजारी तलावांमुळे दर दोन-चार किलोमीटरवर एखादी पाळ लागते, आणि पाळीवरून सायकल चालवण्यासारखं सुख नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून हे तलाव बांधले. उताराचा अंदाज त्यांना इतका अचूक होता की पाण्याच्या मागे मागे सायकल नेली तरी चढ फारसा जाणवत नाही.

आता तांत्रिक बाजू, कारण "सपाट आहे, सोपं असेल" असं समजून येणारे पहिल्याच तासात खाली बसतात. :-) पावसाळ्यात पांधणीत गाड्या जातात, चाकोऱ्या खोल होतात आणि दिवाळीनंतर त्या विटेसारख्या वाळतात. पुढचं चाक एकदा त्यात उतरलं की हँडल तुमचं राहत नाही. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, नजर लांब ठेवायची आणि चाकोरी जिकडे नेईल तिकडे जायचं. कन्हार जमीन ओली असेल तर विसराच, दहा मीटरमध्ये चाक आणि फ्रेम यांच्यात गोळा बसतो. बर्डीवर मात्र मस्त पकड मिळते. दुसरा शत्रू बाभळीचा काटा आणि सराटे. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, याला पर्याय नाही. फुल सस्पेन्शनची चैन इथे वाया जाते, साधी हार्डटेल पुरे. आंबागडाकडच्या टेकड्यांत सागाची वाळलेली पानं सुट्या दगडांवर पसरलेली असतात. तिथे उतरताना कसब लागतं, अहंकार नाही. शिवाय डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत, तेव्हा त्या बाजूच्या ट्रकच्या रस्त्यांपासून लांब राहिलेलं बरं.

असो. मुद्दा असा की या वाटा मरतायत. दोन्ही बाजूंचे शेतकरी दरवर्षी नांगराचा एकेक फाळ आत सरकवतात आणि वीस वर्षांत गाडीवाट पायवाट होते, पायवाट धुरा होते. गाव नकाशावर मात्र ती दिसत राहते. विदर्भात तर आपल्याकडे याहून जुनी कागदपत्रं आहेत. जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १६१ मधलं निस्तार पत्रक आणि कलम १६५ मधलं वाजिब-उल-अर्ज. जाण्या-येण्याच्या हक्काबद्दलचा गावाचा रिवाज या वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवायचा असतो. इटलीवाल्यांकडे दगडांवर पट्टे आहेत, आपल्याकडे तहसीलच्या कपाटात कागद आहेत. फरक एवढाच की पट्टा चालणाऱ्याला दिसतो.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत व्हावी असा निर्णय काढला. मला हा निर्णय कुठल्याही सायकल ट्रॅकपेक्षा मोलाचा वाटतो. काही सायकलवाले मित्र नाक मुरडतात, "मुरूम टाकला की सिंगलट्रॅकची मजा गेली." अरे बाबांनो, रोवणीच्या दिवसांत पऱ्हे डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून जाणाऱ्या बाईला तुमच्या सिंगलट्रॅकशी काय देणंघेणं? वाट तिची आहे, आपण पाहुणे. मुरूम पडू द्या. सरसकट सिमेंट नको, एवढं म्हणायचा हक्क आपल्याला आहे, कारण सिमेंटवर बैलाचे खूर घसरतात आणि बाजूच्या बांधीचं पाणीही अडतं.

दुसरीकडे गोसीखुर्द. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी, २००८ पासून राष्ट्रीय प्रकल्प, सव्वाअकरा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, ३३ दरवाजे. आता त्याच्या जलाशयात जलपर्यटन आणायचं चाललंय. बोटी येऊ द्या, माझी हरकत नाही. पण बोटीत बसलेला माणूस धक्क्यावर चढतो आणि धक्क्यावरच उतरतो. पैसाही तिथेच फिरतो. सायकलवाल्याला दर पंधरा किलोमीटरवर चहा लागतो, पोहे लागतात, पंक्चर काढणारा लागतो, रात्री टेकायला पडवी लागते. ज्या गावांची शेती पाण्याखाली गेली, त्यांच्या पुनर्वसित वस्त्यांपर्यंत पोचणारं पर्यटन हेच आहे. पवनीच्या बाजूला एका जागी जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरलेला मी पाहिलाय. मैलाचा दगड अजून काठावर उभा आहे, पुढचं गाव नाही. तिथे मला एका म्हाताऱ्याने विचारलं, "का जी, रस्ता चुकले का?" आणि मग अर्धा तास पाण्याकडे बोट दाखवून कुठे कोणाचं घर होतं ते सांगत बसला. हे कुठल्या बोटीच्या तिकिटात मिळणार?

एक आक्षेप मात्र खरा आहे, वाघाचा. कोका अभयारण्य २०१३ साली झालं, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही त्याच वर्षीचा, पलीकडे उमरेड-कऱ्हांडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडलेल्या सीटी-१ वाघाने भंडाऱ्यासह तीन जिल्ह्यांत १३ माणसं मारली होती. तेव्हा "जंगल ट्रेल" हा शब्दच मला नको वाटतो. सायकलवर वाकलेला, आवाज न करणारा माणूस वाघाला माणूस वाटेलच असं नाही. अभयारण्यं सोडा, जंगलाला लागून असलेल्या पांधणीही पहाटे आणि दिवेलागणीला सोडा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत तर दुपारीही वनरक्षकाला विचारल्याशिवाय नको. तेवढं वगळूनही तळी, कालवे आणि नदीकाठ मिळून कित्येक वीकेंड पुरतील इतकं उरतं.

आपण कोडवाले लोक, तेव्हा आपल्याला जमणारं काम सांगतो. ओपनस्ट्रीटमॅपवर पुण्याभोवतीच्या टेकड्यांची पायवाटन्‌पायवाट सापडते, लाखांदूर-लाखनीकडे मात्र गावाचं नाव आणि भोवती रिकामी जागा. जीपीएक्स नुसती स्ट्राव्हावर टाकून टाळ्या घेऊ नका, वाट नकाशावर चढवा. गावात विचारून तिचं नाव लिहा, गाव नकाशातल्या तुटक रेषेशी ताडून पाहा आणि तफावत दिसली तर ग्रामपंचायतीत दाखवा. अतिक्रमणाचं भांडण आपण करायचं नाही, ते गावाचं आहे. पण भांडताना गावाच्या हातात एक ताजा नकाशा असेल. मी आतापर्यंत अठ्ठावीस किलोमीटर चढवलेत, सगळे पवनी तालुक्यातले. धान कापणी आटोपली की तुमसरकडून सुरुवात करणार आहे. कोणाला यायचं असेल तर खाली लिहा. सीलंट आपलं आपलं आणायचं.