एकशे सत्तर दोरे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, गॅस कधी लावला ते असतं, आणि यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून तारखांच्या चौकोनात तीन-तीन बारीक रेघा आहेत. पाहुण्यांना वाटतं गोळ्यांचं वेळापत्रक असेल. आमच्या वयाला तेच शोभतं. पण त्या रेघा दोऱ्यांच्या आहेत. मी वाकळ शिवतो, पुण्याकडचे लोक जिला गोधडी म्हणतात ती. रोज तीन दोरे.

मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. कराड डेपो. त्यातली बरीच वर्षं मुक्कामी गाडी केली. संध्याकाळी पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एखाद्या गावात गाडी न्यायची, रात्री तिथंच झोपायचं आणि पहाटे दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरं घेऊन खाली यायचं. मागच्या लांब सीटवर कंडक्टर, मधल्या बोळात मी. डिसेंबरात गाडीचा पत्रा असा गारठतो की आत झोपलोय का बाहेर ते कळत नाही. तेव्हा एक वाकळ खाली, एक अंगावर. ब्लँकेट मीही घेऊन बघितलं, ते कुशीवर वळलं की घसरतं. वाकळ स्वतःच्या वजनानं जागच्या जागी बसते. इतकी वर्षं तिच्यात झोपलो, पण एक शिवायला किती दिवस लागतात हे कधी विचारलं नाही. आई शिवायची, मी पांघरायचो.

निवृत्तीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना घरात बसावं लागलं. त्याच दिवसांत एकदा दारात बोहारीण आली. बायकोनं ट्रंकेतून गाठोडं काढलं. वर आईची जुनेरं, आणि त्यांच्याखाली बायकोनंच सुरू केलेल्या वाकळा. एक नव्हे, तीन. प्रत्येकीला कडेनं दोन-तीन फेरे घातलेले आणि सुई तिथंच टोचून ठेवलेली. सुया गंजल्या होत्या. मी म्हणालो, "एवढ्या धरल्यास आणि एकही पुरी नाही?" वाटेत सोडलेली गाडी ड्रायव्हरला बघवत नाही. ती काही बोलली नाही. माझ्या दोन पँटी बोहारणीला देऊन एक पातेलं घेतलं आणि जुनेरं माझ्या पुढ्यात टाकली. "तुम्ही करा पुरी."

शिकवलं काकीनं. माझी चुलती, पंच्याऐंशीच्या पुढची. डोळ्यांनी अधू झालीय, पण टाका वाकडा पडला की बोटांना कळतं. तिनं लुगडं जमिनीवर पसरायला लावलं. नऊवारी म्हणजे २७ फूट, त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांचे चार थर होतात. आमचं लुगडं पन्ह्याला ५० इंच भरलं. कडा आत दुमडल्यावर उरली ७८ बाय ४८ इंचांची वाकळ. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे जड सापडेल ते ठेवायचं, हातानं सळ मोडत जायचं आणि लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे. वरून ठिगळं. मग धावदोरा. कडेपासून सुरू करून चौकोनी फेरे घालत आत जायचं, दोन फेऱ्यांत बोटभर अंतर ठेवून.

कापड सुतीच पाहिजे, आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं. नव्या कापडातली खळ सुईला अडते. मी एक टेरिलीनची साडी मधल्या थराला घालू म्हटलं, फुकट जात होती म्हणून. काकी म्हणाली, घाल, मग रात्रभर ती आतनं फिरत बसंल. खरंच, ते कापड टाक्याखालूनही सरकतं आणि घामही टिपत नाही. आता आमच्या गल्लीत सुती लुगडं नेसणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, तेव्हा पुढं जुनेर कुठून आणायचं हा वेगळाच प्रश्न आहे.

काकीचे नियम दोन. "दोरा वारभरच घे. लांबडा घेतलास तर गुततोय, आन् खांद्यातनं हात दुखतोय." दुसरा, "दोरा सपला की मगच उठायचं. मधी न्हाई."

मी ऐकलं नाही. ड्यूटी म्हटलं की आठ तासांची, ही अंगात मुरलेली सवय. सकाळी बसलो की जेवायलाच उठायचो. चौथ्या दिवशी वाकळीच्या मधोमध हा एवढा फुगा. दमलेला हात दोरा जास्त ओढतो, हे तेव्हा कळलं. दोरा ओढला की कड चुणते, आणि कडेनं रेटलेलं कापड मध्ये गोळा होतं. काकीनं त्यावरून तळवा फिरवला आणि विचारलं, "हितं कोण झोपलंय?" सगळं उसवलं. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला गिअर टाकताना हात जड होतो, तो जडपणा मला ओळखीचा होता. तिथं सावध राहायची सवय होती, इथं सुई हातात घेतल्यावर विसरलो.

मग मोजायला लागलो. माझं बोट पाऊण इंचाचं. म्हणजे ४८ इंच रुंदीत ३२ फेरे बसतात. पहिला फेरा २१ फुटांचा, शेवटचा साडेपाच. सगळे मिळून ४२४ फूट शिवण. वारभर दोऱ्यात गाठ आणि शेवट सोडून ३० इंच शिवून होतात. तेव्हा एका वाकळीला १७० दोरे. एका दोऱ्याला १३-१४ मिनिटं, म्हणून दिवसाला तीन. पाऊण तासाच्या आत उठायचं, हात दमायच्या आधी. ५७ दिवसांचं काम. मी १५ जानेवारीला बसलो आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटची गाठ मारली. मध्ये सहा दिवस कोरे आहेत. तीन तापाचे, दोन भावकीतल्या लग्नाचे, एक डोळे तपासायला गेलो तो.

माझं मत या आकड्यांमधूनच झालंय. जे वाकळ अर्धी सोडतात ते फेरे मोजतात. पहिला फेरा आठ दोरे खाऊन नवव्यावर जातो, म्हणजे रोज तीन दोरे घातले तर तिसऱ्या दिवशी संपतो. तीन फेऱ्यांना आठ दिवस लागतात. आठ दिवस मान मोडून हातात काय येतं? सव्वादोन इंचांची कड. मधलं सगळं मैदान तसंच. इथंच सुई टोचून वाकळ ट्रंकेत जाते. आतले फेरे किती भराभर सरतात हे त्या माणसाला कधी दिसतच नाही. शेवटचा फेरा तर एका बैठकीत होतो. म्हणून मोजायचा तर दोरा मोजावा, तो पहिल्या दिवशी आणि सत्तावन्नाव्या दिवशी सारखाच असतो. आमच्या शेड्यूलला किलोमीटर होते, गावं नव्हती, त्यातलाच प्रकार.

बेळगावला एका प्रदर्शनात मुंडगोड-हल्याळकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या वाकळा, पाहिल्या होत्या. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज, कारवारच्या जंगलपट्ट्यातले. त्यांचंही काम कडेपासूनच आत जातं, आणि चारी कोपऱ्यांना कापडाची दुमडलेली फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी धरत नाहीत. मी तेव्हा फक्त रंग बघून आलो. आता वाटतं, त्यांना विचारायला हवं होतं की दिवसाला किती दोरे.

कारण हे कोणी विचारत नाही. गोधडीवर आपल्याकडं जे लिहिलं-बोललं जातं त्यात पहिल्या वाक्याला आईची माया येते आणि दुसऱ्याला ऊब. गाडगेबाबांच्या अंगावरच्या चिंध्यांवरून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. म्हणजे गोधडी आपण साधूच्या खांद्यावर दिली, आईच्या पदरात घातली, आणि मजुरीच्या वहीतून काढून टाकली. माझी वाकळ बघून एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, मला एक द्या, पाचशे रुपये देतो. वर म्हणाले, तुम्हाला काय, वेळच वेळ आहे. १७० दोऱ्यांचे तास होतात ४०. आठ तासांचे पाच दिवस. २०२४-२५ सालात महाराष्ट्रात रोजगार हमीवर माती टाकायचा दिवसाचा दर २९७ रुपये होता. पाच दिवसांचे १,४८५ झाले, तेही कापड, रीळ आणि काकीची फी न धरता. मी त्यांना कॅलेंडर दाखवलं. त्यांना त्या रेघा गमतीदार वाटल्या.

इथपर्यंत लिहून मी हा कागद बायकोला वाचून दाखवला. रोज थोडं थोडं करा, दोरा मोजा, काम पुरं होतं, असा माझा सल्ला आणि मी खुशीत. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला कोण उठवतंय मधी?"

मी सकाळी सहाला बसतो. साडेसहाला नळ येतो, पाणी ती भरते. दूधवाला येतो, ती उठते. चहा येतो, तो आपोआप येत नाही. नातवाची शाळेची गाडी, त्याचा सापडत नसलेला एक मोजा, मुलीचा फोन, कुकरची शिट्टी. त्या पाऊण तासात मला आजपर्यंत कुणी हाक मारलेली नाही. ती भिंतीशी वाकळ घेऊन बसली की पहिली हाक माझीच असते, चष्मा कुठाय म्हणून. तिच्या त्या तीन वाकळा तिसऱ्या फेऱ्याला का थांबल्या, याचं मी कडेचं आणि मैदानाचं मोठं गणित मांडलं होतं. गणित बरोबर आहे. पण त्यात नळ धरला नव्हता.

मग काकीकडं गेलो आणि दुसरा नियम नीट विचारला. दोरा संपल्यावरच का उठायचं? मला वाटत होतं ती शिस्त आहे. काकी म्हणाली, पोर पाळण्यात रडाय लागलं तर किती येळ रडू द्यावं, त्याचं ते माप हाय. म्हस हंबरली, कुणी दारात आलं, तर "आलेच" म्हणायचं आन् दोरा सपवून उठायचं. मधीच उठलं की ढिला टाका ऱ्हातो, परत आल्यावर कुठवर आलतं ते घावत नाही. वारभर दोरा एवढ्यासाठी.

मी काही वेळ तिथंच बसून राहिलो. ज्या मापाला मी एसटीच्या शेड्यूलच्या पंगतीला बसवलं होतं, ते दोन हाकांच्या मधल्या वेळाचं माप निघालं. उठावंच लागणार हे धरून चालणाऱ्या बाईनं ते बेतलेलं. माझ्यासारख्या न उठणाऱ्याला ते आयतं मिळालं, आणि तरी पहिले चार दिवस मी ते मोडून बघितलं.

तेव्हा सल्ल्यात एवढी दुरुस्ती. घरात कुणी रोज नेमानं तीन दोरे घालत असेल, वाचत असेल, पेटी वाजवत असेल, तर त्या पाऊण तासात नळाशी कोण उभं असतं ते आधी बघावं. रविवारच्या पुरवण्यांत छंद जोपासा म्हणून लेख येतात, त्यातही हे कधी वाचल्याचं आठवत नाही.

पाडव्यानंतर आम्ही पाळी लावली. सकाळचा पाऊण तास तिचा, संध्याकाळचा माझा. तिनं ट्रंकेतली सर्वांत जुनी काढली, गंजलेली सुई ओढताना कापडावर तांबूस डाग राहिला, त्यावर लाल ठिगळ लावलं. कॅलेंडरवर आता एका चौकोनात दोन रंगांच्या रेघा आहेत. तिच्या निळ्या. पहिल्या आठवड्यात निळ्या रोज एक किंवा दोनच, कारण मी पाण्याच्या पिंपाचं झाकण कुठाय हे विचारायला जायचो. माझ्या रेघाही संध्याकाळच्या बातम्यांपायी अकरा दिवस गायब आहेत, हेही लिहिलं पाहिजे.

आज सकाळी चहा मी ठेवला होता. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं, वास घरभर झाला. ती भिंतीशी बसली होती, दुसरा दोरा चालू होता.

"आले," म्हणाली. आणि उठली नाही.