दिव्याला बटन हवंच

रात्री दीड वाजता खराडी बायपासवरून ईऑन आयटी पार्ककडे वळलात, तर काचेच्या इमारती मजलेच्या मजले उजळलेल्या दिसतात. तिथल्याच एका इमारतीत मी बीएमएसच्या टेबलावर नाइट शिफ्ट करतो. बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. चिलर, डीजी, यूपीएस, आगीचा अलार्म, सगळं एका स्क्रीनवर. आमच्याकडे एक अख्खा मजला सर्व्हरचा आहे. खिडकी एकही नाही.

त्या मजल्यावरचे दिवे ‘स्मार्ट’ झाले तेव्हा भिंतीवरची बटनं काढून टाकली. आत कोणी हललं की सेन्सर बीएमएसला सांगणार, बीएमएस गेटवेमार्फत दिव्यांना हुकूम देणार. बटन कशाला?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री एक पोरगा रॅकमधून सर्व्हर अर्धा बाहेर ओढून उभा होता आणि दिवे गेले. मोबाइल आत न्यायला बंदी, म्हणून टॉर्च नाही. पंख्यांच्या आवाजात ओरडून उपयोग नाही. इमर्जन्सी लाइटही लागले नाहीत, कारण ते वीज गेल्यावर लागतात. वीज होती, फक्त हुकूम येत नव्हता. सर्व्हर कसाबसा आत ढकलून तो चाचपडत दाराजवळच्या इंटरकॉमपर्यंत आला. “दादा, लाइट लावा ना.”

माझ्या स्क्रीनवर त्या हॉलचे दिवे हिरवे होते. म्हणजे चालू! बंदचा हुकूम पोचवून गेटवे हँग झाला होता आणि स्क्रीन जुनीच बातमी दाखवत बसली होती. गेटवे रीस्टार्ट करायचा पासवर्ड व्हेंडरकडे, व्हेंडरचा माणूस दुसऱ्या शहरात, झोपलेला. शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी पॅनलमधला एमसीबी पाडला आणि पुन्हा उचलला. दिवे लख्ख लागले. दुसऱ्या दिवशी काकांनाच विचारणा झाली: परवानगीशिवाय पॅनल का उघडलं?

माझं भांडण या प्रश्नाशी आहे.

असे प्रकल्प विकताना पहिला शब्द येतो बचत. करू या हिशोब. समजा, हॉलमध्ये १८ वॅटचे २०० दिवे आहेत. सगळे लावले तर ३.६ किलोवॅट. सर्व्हरचा लोड १,००० किलोवॅट आणि कूलिंगचा ४०० धरा. कूलिंगमध्ये नुसता एक टक्का वाचवला तरी ४ किलोवॅट, म्हणजे हॉलमधल्या सगळ्या दिव्यांपेक्षा जास्त. दिव्यांची बचत खोटी नाही. वर्षाला १८-१९ हजार युनिट वाचू शकतात, ते वाचवावेत. पण एवढ्यासाठी माणसाच्या हातातलं बटन काढून घेणं हा सौदा मला पटत नाही.

दुसरा युक्तिवाद: सेन्सर आहे ना! हा सेन्सर बहुधा पीआयआर असतो. शरीराची उष्णता हलली की त्याला कळतं, पण त्याला माणूस थेट दिसावा लागतो. इथे दोन-दोन मीटर उंच रॅक आणि थंड हवा कोंडून ठेवणारी पार्टिशनं. मागच्या बाजूच्या हॉट आइलमध्ये हवाच पस्तीस अंशांच्या आसपास गेली, की माणूस आणि हवा यांतला फरक त्याला नीट कळत नाही. वर काम कसलं, तर जमिनीवर बसून लॅपटॉपवर टाइप करण्याचं. माणूस आत असतो आणि सेन्सरच्या लेखी हॉल रिकामा.

डेटा सेंटरसाठी टीआयए-९४२ हे मानक आहे. त्यात उजेडाच्या तीन पायऱ्या आहेत: आत कोणी नसताना कॅमेऱ्यापुरता, कोणी शिरलं की वावरण्यापुरता, काम चालू असताना पूर्ण. मिट्ट काळोख ही पायरीच नाही. काळोख आपल्याकडे येतो तो बचतीचा आकडा सुंदर दिसावा म्हणून.

मग दिवे बीएमएसला जोडूच नयेत? जोडावेत. आगीचा अलार्म वाजला की सगळे दिवे आपोआप पूर्ण लागावेत. आग विझवणारा गॅस सुटण्याआधी आत कोणी आहे का, याचा अंदाज टेबलावरच्या माणसाला यावा. जोडणीचा खरा फायदा हा आहे, आणि विक्रीच्या स्लाइडवर तो शेवटी कुठेतरी बारीक अक्षरात असतो.

ही फक्त खराडीची गोष्ट नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मिनेचॉग रीजनल हायस्कूलमध्ये ऑगस्ट २०२१मध्ये दिव्यांची यंत्रणा बिघडली आणि सुमारे सात हजार दिवे दीड वर्ष रात्रंदिवस चालू राहिले. बंद करायला साधं बटन नव्हतं. यंत्रणा बसवणारी कंपनी मधल्या काळात अनेकदा विकली गेली होती. तिथे दिवे बंद होईनात, आमच्याकडे लागेनात. रोग एकच.

उपाय महाग नाही. दिव्यांच्या डाली या मानकातच सोय आहे: संपर्काची तार मेली किंवा वीज जाऊन परत आली, तर दिव्यानं किती उजेड द्यायचा हे आधी ठरवून ठेवता येतं, आणि मूळ सेटिंग पूर्ण उजेडाचंच असतं. काकांचा एमसीबी म्हणूनच चालला. पण आमची तार जिवंत होती, वरचा मेंदू गोठला होता. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. दाराशी एक बटन, जे बीएमएसला न विचारता दिवे लावेल. बीएमएस अर्धा मिनिट गप्प राहिली तर दिवे आपोआप पूर्ण लागतील असा नियम. आणि पासवर्ड, दिव्यांच्या पत्त्यांची यादी, टायमर बदलायची मुभा रात्रपाळीच्या टेबलावर.

तिसरी अट सगळ्यात जास्त खुपते. कारण तिथे प्रश्न तंत्राचा नाही, भरवशाचा आहे. कोट्यवधींची यंत्रणा रात्रभर आमच्या हवाली करतात, पण दिवा लावायचा अधिकार देत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी अशा इमारतींत प्रोजेक्टवर असेल, तर हँडओव्हरच्या सहीआधी एवढं करा. व्हेंडरच्या इंजिनियरला सर्व्हर हॉलमध्ये उभं करा, मोबाइल बाहेर ठेवायला सांगा आणि दिवे बंद असताना गेटवेची केबल काढा. त्याला दिवा लावता आला, तर सही करा.