तक्रारीला ९० दिवस, निकालाला सात वर्षे

बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांचे दोन अपघात आपल्याला आठवत असतील. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात, मार्च २०१९ मध्ये इथिओपियात. एकूण ३४६ माणसे गेली. पहिल्या विमानाचा कॅप्टन दिल्लीचा तरुण होता. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा एकाच सेन्सरच्या भरवशावर चालत होती. बँकेची स्ट्राँगरूमसुद्धा एका किल्लीने उघडत नाही, दोन अधिकारी लागतात.

जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी तडजोड केली. बातम्यांत आकडा आला अडीच अब्ज डॉलरचा. जुन्या सवयीने मी त्याची फोड पाहिली. १७७ कोटी डॉलर विमान कंपन्यांना, म्हणजे बोइंगच्याच ग्राहकांना. ५० कोटी मृतांच्या कुटुंबीयांना. दंड म्हणाल तर फक्त २४.३६ कोटी. पायउतार झालेले मुख्य कार्यकारी अधिकारी मात्र सुमारे ६.२ कोटी डॉलरचे लाभ घेऊन गेले. व्यक्ती म्हणून खटला चालला तो एका टेक्निकल पायलटवर, तोही २०२२ मध्ये निर्दोष सुटला.

आता सांगणाऱ्याचे काय झाले ते पाहू. जॉन बार्नेट हे चार्ल्सटनच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होते, नोकरी तीस वर्षांहून अधिक. सदोष सुटे भाग हिशेबातून गायब होतात, असे त्यांचे म्हणणे. सरकारी तपासणीत असे ५३ भाग सापडेनात. तक्रारींमुळे आपल्याला त्रास दिला गेला, असा दावा त्यांनी २०१७ मध्ये दाखल केला. कंपनीने तो नाकारला. तिथला कायदा अशा तक्रारीला ९० दिवसांची मुदत देतो. मार्च २०२४ मध्ये अपिलातली जबानी चालू असतानाच ते मृतावस्थेत सापडले. पोलिसांनी आत्महत्या म्हटले. उगाच संशयकथा रचण्यात अर्थ नाही. सात वर्षे एकटा माणूस कंपनीच्या वकिलांसमोर उभा होता, एवढेच पुरेसे आहे.

आपल्याकडे महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा २००३ मध्ये गयेत खून झाला. संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण अंमलात आणलाच नाही. शिवाय तो सरकारी नोकरांविरुद्धच्या तक्रारींपुरता. खासगीत कंपनी कायद्याचे कलम १७७ आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, ठेवी घेणाऱ्या आणि ५० कोटींहून जास्त बँककर्ज असलेल्या कंपन्यांना तक्रारीची सोय ठेवावीच लागते. ती चालते संचालकांच्याच ऑडिट कमिटीच्या देखरेखीखाली!

कर्ज देताना बँक ताळेबंद मागते, स्टॉक स्टेटमेंट मागते. वर्षभरात तक्रारी किती आल्या आणि तक्रार करणारे आज कोणत्या खुर्चीवर आहेत, हेही विचारायला काय हरकत आहे?