न जेवलेल्या ताटाचे पैसे

रमजान आला की वसतिगृहातल्या आमच्या विद्यार्थ्यांचा हिशेब कोलमडतो. मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच भरलेले असतात. रोजेदार दुपारी जेवत नाही. सहेरीला मेस बंद, आणि इफ्तारच्या वेळी रात्रीचा स्वयंपाक व्हायचा असतो. मग खजूर, केळी, पहाटेचं दूध-पाव, सगळं वेगळ्या पैशांनी. खाडा मागावा तर उत्तर ठरलेलं: सलग तीन दिवस दोन्ही वेळा नसाल तरच.

हा प्रश्न एकट्या रोजेदारांचा नाही. श्रावणी सोमवार धरणारी, दुपारी दुकानात काम करणारी मुलंही न जेवलेल्या ताटाचे पैसे मोजतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ‘स्वाधार’ योजनेत क वर्ग महापालिकेच्या शहरात भोजन भत्ता वर्षाला २८,००० रुपये आहे. म्हणजे दिवसाला ७७ रुपयेही नाहीत. त्यात एक ताट फुकट गेलेलं कसं परवडावं?

मेसचालकाची अडचणही खरी आहे. किराणा आधीच भरलेला असतो, स्वयंपाकिणीचा पगार थांबत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी वहीत नाव लिहावं आणि त्या वेळेचे निदान निम्मे पैसे वळते व्हावेत. रमजानपुरता दुपारच्या ताटाऐवजी सहेरीचा डबा मिळाला, तर पैशांचा प्रश्नच उरत नाही.

गेल्या रमजानमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीची हिंदू रूममेट रोज रात्री आपल्या ताटातल्या दोन पोळ्या तिच्या सहेरीसाठी झाकून ठेवायची. तिला जे सुचलं, ते मेस समितीला सुचायला काय हरकत आहे?