पडद्यावर २३००, हिशेबात २१८३

प्रति,
भंडारा जिल्ह्यातील संगणक प्रयोगशाळांचे प्रमुख आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेणारे परीक्षक यांस,



आपल्याच जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेत विद्यार्थी धानाच्या हमीभावाचा हिशेब करणारा सी भाषेतला प्रोग्राम लिहीत होते. एका विद्यार्थिनीने साधारण धानाचा २०२३-२४चा २१८३ रुपये हा दर खोडून २०२४-२५चा २३०० टाकला, फाइल सेव्ह केली आणि मेक चालवले. दहा क्विंटलचे २३,००० यायला हवे होते, आले २१,८३०. तिने जीडीबी हा डिबगर उघडला. समोर ओळ स्वच्छ दिसत होती, दर २३००. ती ओळ पार केल्यावर दराची किंमत छापून पाहिली, तर २१८३! बराच वेळ ती स्वतःचीच चूक शोधत राहिली. शेवटी तिच्या वहीवर शेरा पडला: ‘डिबगिंग जमत नाही.’

हा शेरा अन्यायाचा आहे.

कंपाइल झालेल्या प्रोग्राममध्ये मूळ कोड नसतो. डिबगिंगची माहिती ठेवून कंपाइल केले, तरी मूळ कोडबाबत आत राहते ती फाइलचे नाव, तिचा पाथ आणि कोणती सूचना कितव्या ओळीची अशी नोंद, खुद्द ओळी नव्हेत. डिबगर त्या पाथवर जातो आणि तिथे आज जी फाइल असेल ती दाखवतो. सकाळच्या बॅचने बनवलेला प्रोग्राम आणि त्याच लॉगिनमध्ये दुपारच्या बॅचने त्याच नावाने ठेवलेली फाइल, अशी गाठही तो बिनदिक्कत घालून देतो.

सोर्स फाइल प्रोग्रामपेक्षा नवी असेल तर जीडीबी इशारा देतो, हे खरे. पण तो फक्त तारखा पाहतो, आणि प्रोग्राम नव्याने बांधायचा की नाही हे मेकही तारखांवरूनच ठरवते. त्या विद्यार्थिनीच्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपला होता. वीज गेली की घड्याळ काही वर्षे मागे जायचे, आणि नेट नसल्याने ते दुरुस्तही व्हायचे नाही. प्रोग्राम सेल चांगला असतानाचा, त्यामुळे त्या दिवशी बदललेली फाइल त्याच्याहून जुनी ठरली. मेकने नव्याने काही बांधले नाही आणि जीडीबीने चकार शब्द काढला नाही. मुलीचा कोड बरोबर होता. तो चाललाच नव्हता.

यावर उपाय निघालेले आहेत. विझ्युअल स्टुडिओ मूळ सेटिंगमध्ये न जुळणारी फाइल स्वीकारत नाही. डिबगिंगच्या माहितीसाठीच्या २०१७च्या ड्वार्फ ५ या मानकात प्रत्येक फाइलचा, तिच्या मजकुरावरून काढलेला एमडी५ ठसा नोंदवायची सोय आहे आणि क्लँग हा कंपायलर तो नोंदवतोही. मात्र आपल्या प्रयोगशाळांतली यंत्रे जुनी आहेत. तिथे आधी सेल बदला. तो काही रुपयांत मिळतो, त्यासाठी निविदा काढावी लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे फोल्डर द्या. डिबगिंगच्या पहिल्याच तासाला ‘इन्फो सोर्स’ ही आज्ञा शिकवा, म्हणजे डिबगर कुठली फाइल उघडून बसला आहे ते मुलांना विचारता येईल.

परीक्षकांना कळकळीची विनंती: आतले उत्तर आणि पडद्यावरची ओळ जुळत नसेल, तर गुण कापण्याआधी जुना प्रोग्राम पुसून नव्याने कंपाइल करायला लावा. आणि त्या वहीवरचा शेरा कृपया खोडा.

आपला,
भंडारा जिल्ह्यातील एक संगणक शिक्षक