आमच्या घरची पहिली मुलाखत

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरात एक मुलाखत झाली. मुलगी बघण्याची नव्हे हं! नोकरीची. थोरल्या जाऊबाईंची लेक नांदेडला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची लेखी परीक्षा ती पास झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं, तेही घरबसल्या, लॅपटॉपवर. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या झरीत बसून कुठल्या तरी शहरातल्या साहेबांशी संगणकावर बोलायचं! घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रत्येकाला काळजी मात्र पुरेपूर.

मी बी. ए. झालेली. गावातल्या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. संगणकाशी माझा संबंध निकालपत्रकं भरण्यापुरता. तरी पोरगी माझ्याकडेच आली. "काकू, मला सगळं येतं गं, पण बोलायला गेलं की घशात अडकतं. तू नुसती समोर बसशील का?"

म्हटलं, बसायला काय लागतं? रात्रीची भांडी घासून झाली की आम्ही दोघी माडीवर जायचो. मी तिला एकच अट घातली. जे सांगशील ते मला कळलं पाहिजे, आणि नाही कळलं तर मी 'हो हो' म्हणणार नाही.

पहिल्या रात्री तिने 'अ‍ॅरे' आणि 'लिंक्ड लिस्ट' यांतला फरक सांगितला. घडाघडा, पाठ केल्यासारखा. मला एक अक्षर कळलं नाही. दुसऱ्या रात्री ती जरा थांबत बोलली. तिसऱ्या रात्री म्हणाली, "काकू, फळीवर ओळीने नंबर घातलेले डबे मांडलेत. तुला सातव्या डब्यातली डाळ हवी, तर तू सरळ सातव्याला हात घालशील. तो अ‍ॅरे. पण मध्येच एक डबा घुसवायचा तर पुढचे सगळे सरकवावे लागतील. आता हळदीकुंकवाचं बोलावणं घे. प्रत्येकीला फक्त पुढचीचं घर माहीत. सातवीपर्यंत जायचं तर सहा दारं करावी लागतील. पण मध्ये नवीन बिऱ्हाड आलं तर फार खटपट नाही. आधीच्या बाईला नवीन घर दाखवायचं आणि नवीन बाईला पुढचं. ती लिंक्ड लिस्ट."

मला चटकन कळलं! आणि गंमत म्हणजे, सांगता सांगता तिलाही ते नव्याने कळलं, असं तीच म्हणाली. मग काय, ताटांची चवड म्हणजे 'स्टॅक', कारण शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. रेशनची रांग म्हणजे 'क्यू', आधी आला त्याचा नंबर आधी. 'प्रायमरी की' तर मीच तिला सांगितली. माझ्या वर्गात एकाच नावाच्या तीन मुली आहेत, हजेरी घेताना गोंधळ होऊ नये म्हणून रोल नंबर लागतोच की!

या मोठ्या कंपन्यांची रीत साधारण सारखीच असते, असं तिच्याकडून कळलं. आधी संगणकावर परीक्षा. त्यात गणित, तर्क, इंग्रजी आणि एखाद-दुसरा प्रोग्राम. त्यातून निवडलेल्यांची 'टेक्निकल' मुलाखत. शेवटी 'एचआर'ची, म्हणजे घरचं काय, बाहेरगावी राहाल का, रात्रपाळी चालेल का, अशी चौकशी. खरी चाळणी लागते ती मधल्या पायरीला.

मुलाखतीच्या दिवशी घरात लग्नघरासारखी धावपळ. आमच्याकडे मोबाईलची रेंज माडीवरच बरी येते, म्हणून तिथे टेबल लावलं. वीज जाईल म्हणून शेजारून इन्व्हर्टरची तार ओढली. आमचे हे देवळात जाऊन तासभर भोंगा बंद ठेवायला सांगून आले. सगळं केलं आणि खाली गॅसवर वरणाचा कुकर लावलेला मीच विसरले! ऐन मुलाखतीत तीन शिट्ट्या. नंतर कळलं, साहेबांनी हसून विचारलं, कसला आवाज? ती म्हणाली, आमचं जेवण होतंय. त्यावर तेही हसले आणि पोरीचा थरकाप जरा कमी झाला. म्हणजे कुकरने उपकारच केले म्हणायचे!

अर्ध्या तासाने ती खाली आली. चेहरा उतरलेला. आम्ही सगळे फराळाच्या घाण्यात होतो. जाऊबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" ती काहीच बोलेना. मी तिला जवळ बसवून हातात लाडवाचं ताट दिलं, म्हटलं वळायला लाग. हात चालले की तोंड उघडतं, हा माझा अनुभव.

सुरुवात चांगली झाली होती. डबे आणि हळदीकुंकू तिने इंग्रजीत सांगितलं, ते साहेबांना आवडलं. उलटसुलट वाचला तरी सारखाच राहणारा शब्द ओळखायचा प्रोग्रामही लिहिला. मग त्यांनी कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं. ही म्हणाली, "आम्ही हे केलं, आम्ही ते केलं." साहेब म्हणाले, यातलं तुम्ही स्वतः काय केलंत? चौघींचं मिळून प्रोजेक्ट, हिच्या वाट्याला अहवाल लिहिणं आलेलं. ती अडखळली. आणि मग शेवटचा प्रश्न. नोकरांच्या पगाराचा एक तक्ता आहे, त्यातून दुसऱ्या क्रमांकाचा मोठा पगार शोधून दाखवा. हा म्हणे नेहमी विचारतात. हिने पाठही केला होता. पण त्या क्षणी आठवेना. दोन मिनिटं ती नुसती गप्प बसली आणि "सॉरी" म्हणाली.

मी लाडू वळता वळता म्हटलं, "अगं, त्यात काय? या ताटातला सगळ्यांत मोठा लाडू बाजूला काढ. उरलेल्यांत जो मोठा, तो दुसरा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काकू, अगं हेच तर! हेच लिहायचं होतं! सगळ्यांत मोठा पगार शोधायचा, मग त्याहून लहान असलेल्यांतला मोठा." मग तिच्यातली इंजिनियर जागी झाली. म्हणाली, "आणि दोन लाडू सारखेच मोठे असले तर?" मी म्हटलं, "तर दोन्ही बाजूला काढ. तुला दुसरा आकार हवाय ना?" ती रडता रडता हसली.

नंतर तिच्या कॉलेजातल्या सरांनीही तिला हेच सांगितलं. उत्तर आठवलं नाही म्हणून कुणी लगेच नापास करत नाही. पण गप्प बसलं की समोरच्याला काय कळणार, डोक्यात काही चाललंय की नाही? "मला नेमकं आठवत नाही, पण मी असा विचार करीन," असं म्हणून मोठ्याने विचार करायचा. ते त्यालाच मार्क देतात.

बारा दिवसांनी नकार आला. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली, पण जेवलं कुणीच नाही.

आता खरी गोष्ट सांगते. जाऊबाईंचे अश्रू एकट्या नोकरीसाठी नव्हते. परभणीचं एक स्थळ सांगून आलेलं होतं. मुलगा पुण्यात. त्या मंडळींनी गोड शब्दांत सुचवलं होतं, मुलीला पुण्याची नोकरी लागली की पुढचं बोलू. पूर्वी मुलीने नोकरी करू नये ही अट असायची, आता केलीच पाहिजे ही अट! पोरीच्या त्या अर्ध्या तासावर नोकरी, स्थळ, घराची अब्रू असं सगळं आम्ही लादून ठेवलं होतं. तिच्या घशात अडकत होतं ते इंग्रजी नव्हतं, हेच ओझं होतं. भाऊजी संध्याकाळी म्हणाले, "दुसरं स्थळ बघू. उन्हाळ्यात उरकून टाकू. एकदा पाहिलं ना नशीब आजमावून!"

मी त्या घरात कधी भाऊजींपुढे बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

बी. ए. झाल्यावर मलाही एक मुलाखतीचं पत्र आलं होतं. परभणीच्या एका कार्यालयात, कायमच्या नोकरीसाठी. नेमकं त्याच दिवशी मला बघायला पाहुणे यायचे होते. आई म्हणाली, मुलाखती काय, पुन्हा येतील. मी पत्र घडी करून ट्रंकेत ठेवलं. मुलाखत पुन्हा आली नाही. माझा संसार सुखाचा आहे, कुणाला दोष द्यायचा नाही. पण नापास झाले असते तर निदान कळलं तरी असतं की मी नापास होते. आज चाळिशीकडे येताना मला तेही माहीत नाही. भाऊजींना म्हटलं, "ती जाऊन हरून आली, हे माझ्यापेक्षा पुष्कळ झालं."

मग सुधा मूर्तींची गोष्ट सांगितली. तुम्हालाही ठाऊक असेल. १९७४ साली त्या बंगलोरला टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकत होत्या. टेल्कोच्या नोकरीची जाहिरात पाहिली, त्यात बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं. त्यांनी रागाने थेट जे. आर. डी. टाटांनाच कार्ड लिहिलं. काही दिवसांत तार आली, मुलाखतीला पुण्याला या, खर्च आमचा. नोकरी मिळणार नाहीच असं धरून त्या गेल्या. पुण्यात साड्या स्वस्त, म्हणून होस्टेलच्या मैत्रिणींनी साड्या आणायला पैसे दिले, तेवढंच आकर्षण! समोर सहा जण. तांत्रिक प्रश्नांवर प्रश्न. त्यांनी उत्तरं दिली आणि टेल्कोच्या कारखान्यात काम करणाऱ्या पहिल्या स्त्री इंजिनियर झाल्या. पुढे १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस उभी राहिली ती त्यांनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर. मनावर ओझं नव्हतं म्हणून बोलता आलं, असं मला त्यातून वाटतं.

यावर भाऊजी काही बोलले नाहीत. बोलल्या त्या सासूबाई. माळ ओढता ओढता म्हणाल्या, "पहिली भाकरी कुणाची गोल झालीय रे? म्हणून काय परात उपडी घालायची? आणि तू गं, रडायलीस कशाला? जा, लाडू वळ."

आठ दिवसांनी भाऊजींनी परभणीला निरोप दिला, पोरीची परीक्षा होऊ द्या, मग बघू. ते स्थळ गेलं. जाऊबाई दोन दिवस अबोल होत्या, मग सावरल्या.

तुमच्या घरीही अशी मुलाखत येईल, म्हणून आम्हाला ठेच लागून कळलेल्या चार गोष्टी सांगते.

आपल्याला कळत नाही म्हणून बाजूला राहू नका. आपलं न कळणं हाच तिचा सराव. रोज अर्धा तास समोर बसा आणि 'म्हणजे काय?' विचारत राहा. प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस, हे तिच्याकडून दहा वाक्यांत म्हणून घ्या. काही केलं नसेल तर वेळ आहे तोवर करायला लावा. आता यंत्रच प्रोग्राम लिहून देतं, तेव्हा 'असंच का केलं?' हे सांगता येणं जास्त गरजेचं. त्या दिवशी कुकर लावू नका. आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न 'झालं का?' हा विचारू नका. 'भूक लागली का?' हा विचारा.

पैशाचंही सांगते. मुलाखतीसाठी किंवा नेमणुकीसाठी मोठी कंपनी एक रुपया मागत नाही. कुणी अनामत, ट्रेनिंग फी मागितली की फसवणूक समजा. नव्या मुलांना बहुतेक मोठ्या कंपन्या वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. कपात होऊन महिन्याला पंचवीस हजारांच्या आतबाहेर हाती येतात. त्यात पुण्याची खोली, डबा, बस धरा, मगच घराच्या कर्जाचा हप्ता तिच्या नावाने मांडा. नेमणुकीचं पत्र आलं म्हणजे रुजू झालो असंही नाही. २०२२ च्या तुकडीतल्या कित्येक मुलांनी पत्र हातात घेऊन वर्षावर वाट पाहिली. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. तेव्हा एकाच दारावर सगळं आयुष्य टांगू नये.

आणि ज्यांच्या मुली अजून बारावीत आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवा. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली आहे. दाखले वेळेवर काढून ठेवा. फी परवडत नाही म्हणून मुलीला मागे ठेवायची पाळी येऊ नये.

आमची पोरगी? तिने प्रोजेक्टचा एक भाग स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला. दुसऱ्या एका कंपनीची परीक्षा परवाच दिली, मुलाखतीचं अजून कळलेलं नाही. काल रात्री फोनवर म्हणाली, "काकू, आता तिसऱ्या नंबरचा पगार विचारला तर?"

मी म्हटलं, "दोन लाडू बाजूला काढ."