होज पाइप आणि धन्याचे कर्तव्य

आदिलाबादच्या कडक उन्हात धान्याने भरलेला ट्रक नागपूर-हैदराबाद मार्गावर (महामार्ग क्रमांक ४४) बंद पडला, की सारे चालकास दोष देतात. आमच्या मते दोष बहुधा धन्याचा असतो. रेडिएटरचा जुना रबरी होज पाइप फुगतो, चिरतो. पाणी गळून इंजिन तापते व हेड गॅस्केट उडते. मग तेलात पाणी मिसळून ते दुधाळ होते आणि इंजिनच खोलावे लागते. चिंधी बांधून दिवस ढकलणे ही काटकसर नव्हे. व्यापारी बंधूंनी फाल्गुनातच होज व क्लिपा बदलाव्यात, पाझरते गॅस्केट नवे बसवावे आणि हा खर्च चालकाच्या पगारातून कापू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताना हात त्याचा भाजतो, आपला नव्हे.